राखाडी कागदाखालचं नाव

मंगळवार, ११ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

ताईचे अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिने चढताना कठडा धरत जा, लाजू नकोस. मी ठीक. डॉक्टरांनी घशासाठी कमी बोलायला सांगितलंय. नवीन आहेत ते, मला ओळखत नाहीत.

उभा असशील तर आधी बस. ती सापडली.

जिवंत आहे, ठणठणीत आहे, ड्रायव्हिंग स्कूल चालवते. पहिल्याच भेटीत तिने मला दोनदा गप्प केलं. डेपोच्या गेटवर मी आयुष्यभर युनियनची भाषणं केली, मॅनेजर येऊन गेले, पोलीस येऊन गेले, पण हे कुणाला जमलं नव्हतं.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण शेवटी मला तुझ्याकडे एक मागणी करायची आहे आणि तोवर तू माझ्या बाजूला आलेला असायला हवास. ही माझी जुनी युक्ती तूच ओळखतोस.

जुन्या बाजारातल्या खोक्यातून ती सिंगल, एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, आपण उचलली, तेव्हा लेबलावर त्या चौघांच्या बँडचं नाव होतं. सोल संगीताच्या नावाखाली इतकं मिळमिळीत गाणं दुसरं नसेल. ती रेकॉर्ड कुठल्याही खोक्यात पडलेली असते आणि कुणी वाजवून बघत नाही. तू बघितलीस. सुई टेकली आणि चार बाप्यांच्या जागी एक पोरगी गायला लागली. कशी गायली! भांडायला उठावं तशी. मी हातातली कणीक तशीच टाकून आले होते. तू मात्र गाणं संपेपर्यंत हललाही नाहीस. मग रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरलीस आणि गाण्याच्या शेवटापासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर बोट ठेवलंस. तिथे कारखान्यात कोरलेला नंबर एक आणि लेबलावर छापलेला दुसरा. रेकॉर्ड छापायच्या प्रेसवर कुणीतरी भलत्याच गाण्याचा साचा चढवला होता. बाकीचे लोक रेकॉर्ड ऐकतात. तू वाचतोस.

त्यानंतर तू लेबलावर राखाडी कागद चिकटवलास. तुमच्या रेकॉर्ड लावणाऱ्यांच्या जमातीची ही रीतच आहे. दुर्मिळ प्रत हाती लागली की लेबल झाकायचं, म्हणजे दुसऱ्याला माग काढता येत नाही. मी तेव्हा हसले होते. तुझ्या हॉलमध्ये लोक नाचायला जमले की तो दुसरा रेकॉर्डवाला, चष्मेवाला, दर शनिवारी टर्नटेबलाशी येऊन बगळ्यासारखी मान लांब करायचा आणि तू कागदावर हात ठेवायचास, तेव्हाही हसले होते. पुढे गाण्याचंच नाव ‘राखाडी’ पडलं. “मौनीबाबा, राखाडी लावा!” असं अख्खा हॉल ओरडायला लागला आणि तुझ्या शनिवारला गावाबाहेरून लोक यायला लागले.

आता नवी बातमी. वादकांच्या पेन्शनच्या सभेत मला बोलायला बोलावलं होतं. तिथे एक म्हातारा भेटला, ती रेकॉर्ड जिथे झाली त्या स्टुडिओत ऑर्गन वाजवायचा. तुझ्या हॉलमध्ये फोनवर टिपलेलं गाणं मी त्याला ऐकवलं. त्याने चार सूर ऐकले आणि म्हणाला, “ही तर मिरी!”

बुटकी आणि तिखट, म्हणून स्टुडिओत सगळे तिला मिरी म्हणायचे. लेबलावरही तेच नाव यायचं होतं. गाणं झालं, साचाही तयार झाला आणि स्टुडिओचा मालक म्हणाला, आवाज चालणार नाही, सगळं मोडीत काढलंय. तिने ते खरं मानलं. रद्द झालेला तो साचा कुणाच्या तरी चुकीने प्रेसवर चढला, हे तिला कळलंच नाही. त्यानंतर ती गायली नाही. तिने तिचं गाणं कधी ऐकलेलंही नाही, ढब्बू.

मी गेले तेव्हा ती एका गृहस्थाला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. खिडकीशी वाकून मी विचारलं, “तुम्ही पूर्वी गात होतात का?”

“हळू सोडा, हळू! तुम्हाला नाही हो बाई, यांना. काय म्हणालात?”

“तुमच्या गाण्याची रेकॉर्ड माझ्या भावाकडे आहे.”

“खोटं. ती निघालीच नाही.”

“निघाली. लोक तिच्यावर नाचतात.”

तिने गाडी बंद केली. गृहस्थाला म्हणाली, “तुम्ही जरा पाय मोकळे करून या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “दाखवा मग.”

शनिवारी मी तिला घेऊन येतेय.

आता मागणी. त्या दिवशी कागद काढ. सगळ्यांसमोर काढ. त्याची किंमत मला कळत नाही असं समजू नकोस. नाव बाहेर पडलं, चूक बाहेर पडली, की चष्मेवाला आणि त्याचे भाऊबंद त्या चौघांची प्रत्येक रेकॉर्ड उपसून काढतील. महिन्याभरात ‘राखाडी’ दहा हॉलमध्ये वाजेल आणि तुझा शनिवार इतरांच्या शनिवारसारखा होईल. पण रेकॉर्ड आपली आहे. गाणं तिचं आहे. एकदा मालकाने तिचं नाव पुसलं, एकदा कारखान्याने. तिसरा हात आपल्या घरचा नको.

बोलण्याची काळजी करू नकोस. तू फक्त कागद काढ, पुढचं मी बघते, नेहमीसारखं. भाषण लिहून तयार आहे. छोटंच आहे, पंधरा-वीस मिनिटांचं.

तुझ्या होकाराची वाट बघत,
ताई


गुरुवार

ताई,
तिला आण.
मागच्या बाकावर बस.
बोलू नकोस.

ढब्बू


मंगळवार, १८ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद वगैरे सगळं. आधी भांडण उरकते.

तुझं पोस्टकार्ड मी टेबलावर उलटं ठेवलं होतं, दिसायलाच नको म्हणून. मला, ‘बोलू नकोस’! भाषण मी फाडलं नाही, ते चांगलं आहे, कुठेतरी वापरीन. पण शनिवारी ते घरी ठेवून आले, हे तुला कळावं.

टर्नटेबलामागून तुला मागचा बाक दिसत नाही. म्हणून तिथे काय झालं ते लिहिते.

मिरी कोट न काढता बसली, पर्स मांडीवर, जणू दातांच्या दवाखान्यात नंबर यायचाय. तू राखाडी लावलीस. पहिल्या ओळीला ती हललीच नाही. मग माझ्या कानाशी आली. “ह्या सगळ्यांना शब्द येतात?”

“पाठ आहेत.”

“दुसऱ्या कडव्यात मी चुकलेय. श्वास उशिरा घेतलाय. आता ऐका, येईलच.”

आणि तो आला. तुला माहीत आहे तिथे काय होतं ते. त्या अडलेल्या श्वासावर अख्खा हॉल हात वर करून थांबतो आणि आवाज परत आला की एकदम टाळी पडते. तिने ते पाहिलं. पर्स घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही. “मालक म्हणाला होता, हीच जागा खराब आहे,” एवढंच म्हणाली.

गाणं संपलं आणि तू दुसरी रेकॉर्ड लावली नाहीस. नखाने कागदाचा कोपरा उचललास. चष्मेवाल्याची मान लांब झाली. कागद निघाला आणि मग तू माइक हातात घेतलास.

घरात आजवर कुणी उच्चारला नाही तो शब्द आता मी लिहिते, कारण शनिवारनंतर तो लपवण्यात अर्थ नाही. तू अडखळलास. तू लहानपणापासून अडखळतोस. आई ‘जरा शांत मुलगा आहे’ म्हणायची, बाबा ‘विचार करून बोलतो’ म्हणायचे आणि मी तुझी वाक्यं पुरी करायचे. शेजाऱ्यांपाशी, मास्तरांपाशी, नोकरीच्या मुलाखतीच्या दारापर्यंत. कापडाच्या दुकानात तू “प... प...” म्हणालास आणि मी “पांढरा” म्हणून शर्ट बांधून घेतला. तुझी नजर पिवळ्यावर होती. मला दिसली होती, आणि तो पांढरा तू फाटेपर्यंत घातलास. मी त्याला माया म्हणत आले. होतीच ती माया. पण कुणालाही गप्प बसवू देणार नाही म्हणून रान उठवणारी मी, घरातल्या घरात एकाला गप्पच बसवत होते.

शनिवारी तू ‘म्’वर थांबलास आणि ते नाव माझ्या जिभेवर आलंच. मी उठले होते, ढब्बू. अर्धी उठले होते. मिरीने माझा पदर धरून खाली ओढला.

“बसा,” ती दातांतून म्हणाली. “गाडी निघतेय त्यांची. मधे ब्रेक मारू नका, बंद पडेल.”

बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. नाचणाऱ्यांचा तो दंगेखोर घोळका, दारापाशी नेहमी टवाळी करणारे, सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर कीव नव्हती. मी कीव ओळखते. ते वाट बघत होते. त्या श्वासाच्या जागेवर दर शनिवारी बघतात, तशीच.

आणि तू म्हणालास. मिरी. मग थांबत, अडत, एकही शब्द न गाळता म्हणालास की हे गाणं मिरीचं आहे, लेबल चुकीचं आहे, ज्यांना हवं त्यांनी चौघांच्या बँडची ती सिंगल शोधावी, गुळगुळीत पट्टीवरचा नंबर बघावा, आणि तो नंबर असा. नंबरही सांगितलास! तो सांग म्हणून मी कुठे म्हटलं होतं? नावापलीकडे मला काही सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांची तुझी गुप्त ठेव तू अशी मोकळी केलीस आणि शेवटी म्हणालास, “त्या मागच्या बाकावर ब... बसल्यात.”

मी पुष्कळ वक्ते ऐकले आहेत. पुस्तकांतून वाचले, व्यासपीठांवरून ऐकले, त्यांतल्या काहींना हरवलंही. एकाही भाषणाने माझ्या अंगावर असा काटा आणला नाही. वीस मिनिटांत मला जे जमलं नसतं, ते तू चार वाक्यांत केलंस.

पुढचं तू पाहिलंस. गर्दी मागे वळली, मिरी उभी राहिली, तू गाणं परत लावलंस आणि दुसऱ्या कडव्याला तिने, कोट घातलेल्या त्या बुटक्या बाईने, स्वतःच हात वर केला.

तिनेच मला घरी सोडलं, शिकवायच्या गाडीतून. मी बसले होते तिथे शिकवणाऱ्यासाठी जास्तीचा ब्रेक असतो. “त्याला पाय लावू नका,” तिने आधीच बजावलं. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, “तुमच्या भावाला किती वेळ लागला हो माझं नाव घ्यायला?”

मला राग आला. म्हटलं, “लागतो त्याला वेळ. लागला तर लागला.”

“तसं नाही हो,” ती म्हणाली. “माझं नाव एवढा वेळ कुणी धरूनच ठेवलं नव्हतं.”

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजत होते आणि ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण गाडी हलवायची विसरली होती.

काल चष्मेवाल्याचा फोन आला. दुसरी प्रत मिळाली म्हणे त्याला, एका गॅरेजमधल्या खोक्यात, नंबर जुळतोय. आनंदाने ओरडत होता. “मिरी! मिरीच आहे ताई, मिरी!” म्हणजे सुरुवात झाली, तुझा शनिवार आता तुझ्या एकट्याचा राहिला नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं ते वेगळंच. त्याने ते नाव तीनदा घेतलं, एका दमात, झरझर, आणि प्रत्येक वेळी मला ते अपुरं वाटलं.

तुझा अभिमान मिरवणारी,
ताई