पंतोजींनी निजावे, ठिपकीने निजू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा फ्रीज, कूलर व शीतगृहे यांची दुरुस्ती (हात थरथरू लागल्यापासून बंद), आज सकाळी नाश्ता आणि रक्तदाबाची गोळी आटोपून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहून ठेवतो. आजचा वार, तारीख आणि सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता मला तोंडपाठ आहेत. यावरून माझी बुद्धी शाबूत असल्याचे मानावे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. उलट मुलगा आणि मुलगी गेले पंधरा दिवस फोनवरून मला अमुक लिहू नका, तमुक लिहू नका असे सांगत आहेत, आणि मी तेच लिहिणार आहे.

वकीलबाईंनी कच्चा मसुदा वाचून लाल शाईने शेरा मारला होता : "काका, एवढं लांब नको. कोणाला काय, तेवढंच लिहा." बाई, एक ओळ कमी लिहिली म्हणून या घरात एकदा केवढा अनर्थ झाला आहे, ते कलम सहामध्ये येईल. तोवर लाल पेन बाजूला ठेवा.

कलम १. राहते घर. खाली दोन खोल्या, वर एक, मागे अंगण. हे मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. दोघांपैकी कोणी इथे येऊन राहणार नाही हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल राग नाही. घर विकाल तेव्हा घेणाऱ्याला एवढे आवर्जून सांगा की स्वयंपाकघराची उजवीकडची भिंत शेजारच्या लाँड्रीशी सामाईक आहे आणि ती बारा महिने कोमट असते. पलीकडे लाँड्रीचा बॉयलर आहे. पाइप गळतोय असे समजून भिंत फोडू नये. थंडीत या भिंतीला पाठ टेकून बसले की जुन्या कविता आपोआप आठवतात, हे सांगितले नाही तरी चालेल.

सदर लाँड्री माझ्या धाकट्या भावाची आहे. आम्ही दोघे अकरा वर्षे बोललेलो नाही.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना सारखी. पासबुक कपाटात, स्वेटरच्या घडीत.

कलम ३. हत्यारे. तांब्याची नळी कापायचा कटर, गॅसचे दाब मोजायची घड्याळे, पान्हे, आणि तीन थर्मामीटर, हे सर्व मुलीला. ती आठ वर्षांची असताना फ्रीजला कान लावून सांगायची, "बाबा, याला धाप लागलीय." बहुतेक वेळा तिचेच बरोबर असायचे. थर्मामीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. दरवर्षी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतात का ते पाहावे. मधला अर्धा अंश जास्त दाखवतो, पण तो मला पहिल्या पगारात मिळालेला आहे.

कलम ४. शाळेचे कवितांचे पुस्तक, पुठ्ठा निघालेला, मुलाला. लहानपणी मी चालीवर कविता म्हणू लागलो की तो दुसऱ्या कडव्यात झोपायचा. आता त्याला रात्री झोप येत नाही म्हणतो. करून बघावे.

माझ्या स्वतःच्या कवितांच्या तीन वह्या रद्दीत द्याव्यात. वाचनालयाच्या हस्तलिखित अंकाच्या संपादकांनी त्यातली एक "वृत्तात बसते, डोक्यात बसत नाही" असे लिहून परत केली होती. त्यांना मी क्षमा केली आहे. निम्मी.

कलम ५. पंतोजी. आता मुख्य गोष्टीला येतो.

माझ्याकडे दोन कासवे आहेत. एकतीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या खाजगी प्राणिसंग्रहालयाचे शीतयंत्र उतरवायला मी गेलो होतो. दोन पिंजरे तेवढे भरलेले राहिले होते. एकावर पाटी : ‘कोरड्या डोंगराळ प्रदेशातील. हिवाळ्यात निद्रा घेतो.’ दुसऱ्यावर : ‘दमट उष्ण जंगलातील. निद्रा घेत नाही.’ मी दोन्ही कासवे घमेल्यात घालून घरी आणली आणि बायकोला म्हणालो, "जोडी आणलीय."

ती दोन्ही पाट्या वाचून म्हणाली, "अहो, कसली जोडी? एक डोंगरातला, एक जंगलातली. यांची ओळखदेख तरी आहे का?"

पहिल्याचे नाव पंतोजी पडले, कारण तो मान वर करून सगळ्यांच्या चुका काढल्यासारखा बघतो. दुसरीच्या पायांवर तांबडे ठिपके, म्हणून ठिपकी. बायकोने पहिल्या दिवसापासून ताटल्या दोन ठेवल्या. मी मात्र दोघांना एका उन्हात शेजारी शेजारी बसवायचो आणि त्यांच्यावर कविता करायचो.

पंतोजी मुलीला द्यावा. ती उंचावरच्या थंड गावात राहते, तिथला हिवाळा खराखुरा आहे. त्याला पाला द्यावा : कुंपणाकडेचे गवत, रानपाला, जास्वंदीची पाने-फुले. फळ देऊ नये, पोट बिघडते. पाव, दूध, कुत्र्याचे खाणे, पाहुण्यांच्या हातची बिस्किटे, यातले काहीही नाही. चघळायला समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा, त्याने पाठ टणक राहते.

थंडी लागली की तीन आठवडे खाणे बंद करावे, कोमट पाण्यात रोज बसवावे. पोट रिकामे झाल्याशिवाय निजवू नये. पोटातले अन्न कुजते आणि तो झोपेतच जातो. मग कोरड्या मातीच्या खोक्यात, पाच अंशांवर, जास्तीत जास्त दहा आठवडे. इथे मी त्याला माझ्या करड्या फ्रीजमध्ये निजवतो आणि रोज एकदा हवेसाठी दार उघडतो. (बायकोच्या मावसभावाने पाण्याच्या बाटलीसाठी ते दार उघडले होते. पुन्हा आमच्याकडे जेवला नाही.) मुलीच्या घराखाली तळघर आहे, ते आपसूक पाच अंशांवर राहते. पण अधूनमधून ऊन पडते तेव्हा तळघर तापते. थर्मामीटर बघत राहावे. दर आठवड्याला वजन करावे. दहावा हिस्सा उतरला तर दहा आठवडे झाले नसले तरी उठवावे. उठल्यावर आधी पाणी, मग पाला, मग लाड.

कलम ६. ठिपकी.

ठिपकीने निजू नये. हे वाक्य वकीलबाईंनी खोडले तरी मी दोनदा लिहिणार आहे. ठिपकीने निजू नये.

अकरा वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर बायकोचे ऑपरेशन ठरले. हॉस्पिटल लांबच्या शहरात. दोन्ही कासवे मी धाकट्याच्या लाँड्रीत पोचवली, फ्रीजही हातगाडीवर घालून नेला. लाँड्रीत कायम वाफ, कायम ऊब. ठिपकीला याहून बरी जागा या गावात नाही. फ्रीज फक्त पंतोजीसाठी होता.

धाकटा म्हणाला, "दादा, मला यातलं काही कळत नाही. काय करायचं ते लिहून दे."

मी गाडीची वेळ होईपर्यंत बसलो आणि फ्रीजच्या दाराला कागद चिकटवून गेलो. त्यावर हे होते :

गारठा येता निजवा त्यांना
पाच अंशांच्या गार घरात;
जोडी न फोडा, दोघे निजू द्या
वसंत येईतो एका खोक्यात.

"ठिपकीला मात्र उबेत ठेवा" अशी पाचवी ओळ सुचली होती. चार ओळींच्या कडव्यात ती बसेना. तोंडी सांगू म्हटले आणि राहून गेले. आणि ‘दोघे’ का लिहिले? बायकोची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. त्या दिवशी ‘एकटा’ हा शब्द माझ्याने लिहवला नाही.

बायको परत आली नाही. तीन आठवड्यांनी मी एकटाच घरी आलो, दुपारी लाँड्रीत गेलो, फ्रीज उघडला. एका खोक्यात दोघे. ठिपकी आठ दिवस पाच अंशांवर होती. नाकातून फेस, डोळे मिटलेले.

मी धाकट्याला नाही नाही ते बोललो. गिऱ्हाइकांसमोर बोललो. "तुझ्या हातात जीव दिला आणि तू गोठवलास!" असेही म्हणालो, तेव्हा मी कोणाबद्दल बोलत होतो, देव जाणे. तो इस्त्री हातात धरून उभा होता. फक्त एवढेच म्हणाला, "दादा, तू लिहिलं होतंस तसंच केलं." मी कागद फ्रीजवरून ओरबाडून खिशात घातला आणि ठिपकीला घेऊन निघालो; फ्रीज आणि पंतोजी मागाहून हातगाडीवरून आणवले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी महिनाभर इंजेक्शने देऊन तिला वाचवले. तेव्हापासून श्वास घेताना ती शिट्टी वाजवते.

मी सगळ्यांना सांगत आलो की धाकट्याने हलगर्जीपणा केला. मुलांना सांगितले, गल्लीत सांगितले. कविता सांगितली नाही. धाकट्यानेही कधी कोणाला सांगितली नाही. त्याने एकदा सांगितली असती तर गावभर माझे हसे झाले असते. मी येथे लेखी नमूद करतो : दोष संपूर्ण माझा. त्याने आज्ञा पाळली. आज्ञा चुकीची होती आणि यमकात होती.

आता ठिपकी कोणाकडे, हा प्रश्न. या गावचा हिवाळा तिला सोसत नाही. माझ्याकडे ती बल्ब लावलेल्या काचेच्या कपाटात राहते, आणि वीज गेली की मी तिला स्वेटरात गुंडाळून कोमट भिंतीशी बसतो. मी गेल्यावर हे कोण करणार?

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दोघांना मी नेते. एकतीस वर्षं एकत्र राहिलेत. जोडी आहे, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणायचो. तुझी आई नव्हती म्हणत. तिचं बरोबर होतं."

मुलगा म्हणाला, "मग मला द्या. माझं शहर समुद्रावर, हवा दमट, उकाडा बारा महिने. तिला मानवेल."

"बाहेरची मानवेल. तुझ्या घरात अठरा अंशांवर एसी असतो, दिवसरात्र. मीच बसवून दिलाय. ती बाहेर राहणार आहे का, आठव्या मजल्याच्या कठड्यावर?"

तो म्हणाला, "मग उरलं कोण? काका? त्याच काकांना देणार?"

"त्याच काकाला."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

आहे. सुरुवातीलाच लिहिले आहे.

कारण हे. गेली अकरा वर्षे दर हिवाळ्यात आमच्या दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर सकाळी एक पुडी असते. तिच्यात अळिंबी असते, पिकल्या पपईच्या फोडी असतात, कधी लाँड्रीच्या वाफेत मऊ केलेला पालापाचोळा असतो, तिला अंगाखाली घ्यायला. मी ती पुडी उचलतो आणि ती कोणी ठेवली हे माहीत नसल्यासारखा आत येतो. ज्याला अकरा वर्षांपूर्वी यातले काही कळत नव्हते, त्याने हे कुठून शिकून घेतले, मी विचारलेले नाही. डॉक्टरीणबाई परवा सहज बोलून गेल्या, "तुमचे भाऊ दर महिन्याला येऊन विचारतात ना, तिचा श्वास कसा आहे म्हणून." मला माहीत नव्हते.

म्हणून : माझ्या मृत्यूनंतर ठिपकी धाकट्या भावाला द्यावी. मुलांनी हरकत घेऊ नये. घेतली तर कलम १ मधला त्यांचा अर्धा-अर्धा हिस्साही भावाला जाईल. वकीलबाईंनी विचारले, "काका, कासवासाठी घर पणाला लावता?" हो, लावतो.

ठिपकीबाबत सूचना, गद्यात. बॉयलरच्या खोलीत, जमिनीवर, ओलसर पाल्यावर. खोली पंचवीस अंशांच्या खाली जाऊ नये. फळ चालते, अळिंबी चालते, महिन्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. रोज अंगावर पाणी शिंपडावे. शिट्टीचा आवाज बदलला तर त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे. पंतोजीशिवाय ती उदास होईल अशी काळजी करू नये. एकतीस वर्षांत तिने त्याच्याकडे दोनदा पाहिले असेल, तेही तो तिच्या ताटलीत पाय देऊन उभा राहिला म्हणून.

वकीलबाईंचे म्हणणे पडले की जिवंत प्राणी एखाद्याला देण्याआधी त्याला विचारलेले बरे. मलाही पटले. सह्या झाल्यावर हे कागद मी स्वतः लाँड्रीत घेऊन जाणार आहे. तोंडी काही सांगायचे धाडस होईल असे वाटत नाही. त्याने वाचावे आणि खाली लिहावे.

कलम ७. याआधी मी कुठे काही लिहून ठेवले असेल, फ्रीजच्या दारावर धरून, ते सर्व रद्द समजावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, दोन ठिकाणी खाडाखोड केली, तिथे आद्याक्षरे घातली, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही : फ्रीजवाला

साक्षीदार १ : जनावरांची डॉक्टरीण. (त्यांनी सही करण्याआधी कलम पाच आणि सहा तपासून ‘औषधोपचाराच्या दृष्टीने बरोबर’ असे समासात लिहिले आहे.)

साक्षीदार २ : समोरचा शिंपी. (चष्मा विसरल्यामुळे त्याला सगळे वाचून दाखवले. कलम सहाला तो खिडकीबाहेर बघत होता.)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक : नऊ नोव्हेंबर.

(खालील मजकूर वेगळ्या अक्षरात, त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.)

वाचले. कलम सहा मान्य, पण त्यातले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मान्य नाहीत. परवापासून गारठा सांगितला आहे आणि तू चांगला ठणठणीत दिसतोस. तेवढे थांबायला ठिपकीला सवड नाही. मी तिला आत्ताच घेऊन चाललो आहे. काचेचे कपाट नको. पपई रोज तू चिरून आणायचीस, स्वतः, आणि ती खाऊन होईपर्यंत बसायचे.

सही : धाकटा