चाळीच्या दारातला हिरवट डाग

ती. दीपकदादास,
नाशिकहून उज्वलाचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनीच्या कुरडया पोचल्या, अर्ध्या तळून संपल्यासुद्धा.

तुझी आई गेली तेव्हा मी आले नाही म्हणून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे कागदावर. (काकूनं मला तुझ्याइतकंच वाढवलं, हे तू सांगायला नको.) परवा ऑफिसात मला कांदा साठवणुकीवर स्लाइड दाखवायच्या आहेत. पाठीमागं चित्र म्हणून तू काढलेला आपल्या कांदाचाळीचा फोटो वहिनीकडून मागवला. फोनवर झकास दिसला. प्रोजेक्टरनं भिंतीवर टाकला तर कांद्यांचा नुसता चिखल, आणि चाळीच्या दारात एक हिरवट डाग.

आमच्या ऑफिसातली स्वानंदी (वय तेवीस, बोलते प्राचार्यांसारखी) म्हणाली की इवलासा फोटो ताणला की असाच फाटतो. पूर्ण स्लाइडला रुंदीत एकोणीसशे वीस आणि उंचीत एक हजार ऐंशी पिक्सेल हवेत, त्याहून फार मोठा घेतला तर फाइल उगाच जड होते. वहिनीनं थोडा मोठा पाठवला. डागाचं लुगडं झालं, पदर तोंडावरून पार हनुवटीखाली ओढलेला. वहिनीच असेल म्हटलं. (वहिनी लुगडं नेसत नाही, हे पोळ्या लाटताना आठवलं.) मग एकोणीसशे वीसचा आला. त्यात पदर नाकापर्यंत वर गेलेला, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. दादा, मी ते दोनदा मोजले. तसं गोंदण आपल्या घरात एकीचंच, आणि तिला फोटोचं इतकं वावडं की तुझ्या लग्नातही ती पदराआडच उभी राहिली. वहिनी तर शपथेवर सांगते, फोटो काढताना तिथं चिटपाखरू नव्हतं. स्वानंदीला काय त्याचं! म्हणे, ताई, बाई छान आल्यात, फक्त मजकूर त्यांच्या डोक्यावरून डावीकडे घ्या. घेतला. माझी तरी काय बिशाद होती तो तिथं ठेवायची.

पोरांना पापे. गुडघ्याला शेक दे.
तुझी,
उज्वला

ता. क. तुझ्या फोनमधला मूळ फोटो चार हजार पिक्सेल रुंद आहे म्हणे. तो मुळीच पाठवू नकोस. स्लाइडला एकोणीसशे वीस पुष्कळ झाले.

पुन्हा ता. क. पाठवच. डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे वाटेत लहान होणार नाही. 'रविवारी येते' असं मी काकूला पाच रविवार सांगितलं. ती रागावली आहे का, एवढं तोंड बघून कळू दे.