उंबरदरीचा रकाना

पंचवटी, नाशिक
११ जून २००९

प्रिय योगिनी,

पाकिटावर माझं नाव मुद्दामच घातलं नाही. घातलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस.

पत्ता गोरक्षने दिला. भाजीबाजारात तुझा भाऊ झेंडूच्या क्रेटवर पाणी मारत होता. पूर्वी मी दिसले की 'छायाताई, चहा घेणार?' म्हणायचा. या वेळी कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला आणि पुन्हा पाणी मारायला लागला. योगिनी सिन्नरला बालवाडीत शिकवते, एवढंच बोलला. नर्सिंगचं विचारलं तर म्हणाला, 'दवाखान्याचं नाव घरात काढू देत नाही ती.' पुढे काही विचारायचं धाडस झालं नाही.

आपल्या आरोग्यसंस्थेत पहिला कॉम्प्युटर आला ते आठवतं? दोन हजार पाच. त्याच्यावर टॉवेल घालून ठेवायचो. ज्ञानेशसर पुण्याच्या प्रशिक्षणातून एक नवा शब्द घेऊन आले होते, डॅशबोर्ड. पेठ तालुक्यातले आपले चौदा पाडे एकाच पानावर दिसले पाहिजेत, म्हणाले, आणि काम माझ्या गळ्यात टाकलं. मी जन्मात टाईपरायटरपलीकडे गेले नव्हते. उंबरदरीच्या पाड्यावरची नर्स म्हणून तू महिन्याच्या बैठकीला यायचीस, तेव्हा स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचीस. गाईडबुक तू वाचायचीस, माउस मी हलवायचे. एकदा लाईट गेली आणि दोन तासांचं काम गेलं, तेव्हा मी रडले होते आणि तू मला रामकुंडाजवळ भेळ खाऊ घातली होतीस. रंगांची कल्पना तुझीच. 'आकडे वाचायला कोणाला वेळ असतो? रंग दिसला की माणूस उठतो,' म्हणालीस. जुलाबाचे तीनपेक्षा कमी रुग्ण असले तर हिरवा, तीन ते पाच पिवळा, त्यापुढे लाल. पहिल्यांदा सहा टाकल्यावर रकाना लाल झाला, तेव्हा आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या. सर आतून बघायला आले होते.

पुढच्या ऑगस्टचं मी तुला काय सांगणार? तू तिथे होतीस. पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही. पाड्यांवरचे कागद पेठच्या केंद्रात जमायचे, दर शनिवारी तिथून फोन यायचा, पाड्यापाड्याचे आकडे मी टाईप करायचे आणि सोमवारी सर त्या पानावरून जीप कुठे पाठवायची ते ठरवायचे. त्या शनिवारी तेरा पाड्यांचे आकडे आले. पावसाने ओढे भरले होते. सोमवारी पानावर दोन पाडे लाल होते. डॉक्टर, सलाईन, सगळं तिकडे गेलं. उंबरदरी हिरवी होती. शुक्रवारी तू चालत पेठ गाठलंस आणि फोन केलास. अकरा जण आजारी, म्हातारा सोमा गेला, बारकूची नवशी गेली. फोन मीच उचलला होता. तुझा आवाज बसलेला होता.

नवशीला मी कधी पाहिलं नव्हतं. यादीत फक्त वय होतं, आठ. चेहराच माहीत नाही, त्यामुळे ती कुठल्याही चेहऱ्याने येते. घाटावर त्या वयाची मुलगी दिसली की मी थांबून नाव विचारते. पोरी घाबरून आईच्या मागे लपतात. परवा एकीच्या आईने मला चांगलंच झापलं. बँकेच्या फॉर्मवर एखादी जागा मोकळी राहिली तर मला पुढे लिहिता येत नाही, आधी तिथे रेघ मारावी लागते. यांना वाटतं माझा स्वभाव चिकित्सक झालाय. मीही तसंच वाटू दिलं.

गेल्या आठवड्यात कुसाबाई आल्या होत्या. तुझ्या हाताखाली काम करायच्या त्या. पेठलाही आता कॉम्प्युटर आलाय, म्हणून पाड्यावरच्या बायकांना मी शिकवत होते. प्रत्येकीला रिकामं पान दिलं आणि रंग लावायला सांगितले. कुसाबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ताई, मी तं अजून काहीच नाय भरलं. तरी हिरवं कसं झालं?' मी सांगितलं की कॉम्प्युटर रिकाम्या जागेला शून्य समजतो आणि शून्य म्हणजे तीनपेक्षा कमी. वर्ग तसाच चालू राहिला. कुसाबाईंनी मात्र पुढे काही शिकून घेतलं नाही. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, 'आमची बाई तवा हेच सांगत होती. कागद दिलाच नाय म्हणे, शून्य कुठून आलं?'

योगिनी, ते शून्य मी टाकलं. तुझा शुक्रवारचा फोन ठेवून मी फाईल उघडली तेव्हा उंबरदरीचा रकाना कोरा होता. कोरा आणि हिरवा. आपली चूक एका क्षणात कळली. जिन्यावर सरांच्या चपला वाजत होत्या. ते दारात पोचायच्या आत मी शून्य दाबलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, 'योगिनीने शून्य कळवलं?' मी नाही म्हणाले नाही. पुढे चौकशीत तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, 'छाया, तूच सांग, त्या शनिवारी माझा आकडा आला होता का?' मी 'आठवत नाही' म्हणाले. तुला तिथेच कळलं असेल. खोटा अहवाल दिल्याचं कारण लिहून त्यांनी तुला काढलं, आणि पाड्यावरही तेच सांगितलं गेलं.

सोमवारी मी सरांना हे सगळं लिहून दिलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि फक्त 'तीन वर्षं?' एवढं म्हणाले. नोकरी राहील की नाही ते अजून ठरायचं आहे. काल कुसाबाईंबरोबर उंबरदरीला जाऊन आले. बारकू ओट्यावर बसला होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं अंगावर येईल.  पण तो म्हणाला, 'म्हंजे बाईला आम्ही उगाच बोललो. ती चार रात्री हितंच बसली होती पोरीपाशी.' आणि मग विचारलं, 'बाई येतील का एकदा?' रविवारी सर तुझ्या घरी येणार आहेत, माफीचं पत्र आणि नोकरीचा कागद घेऊन. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी तू हे माझ्याकडून ऐकावंस, म्हणून लिहिलं. मला उत्तर नको. बारकूला काय सांगायचं ते मात्र कुसाबाईंना कळव. तो वाट बघतोय.

तुझीच म्हणवायचा हक्क उरला नसलेली,
छाया