डॅडची बंदूक आणि माझे शर्ट

प्रिय व्हर्ना हिस,

धाकट्या भावाचा, डेलचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा आणि ॲरिझोनातला उकाडा दोन्ही सोसण्याजोगे असतील अशी आशा आहे. इकडे पेनसिल्व्हेनियात बर्फ पडलंय आणि माझी अब्रू गेली आहे. पत्रास कारण डॅडची बंदूक.

मृत्युपत्राने ती माझ्याकडे आली तेव्हा मी केवढा फुगलो होतो, ते तू फोनवर ऐकलंसच. पण तिच्या मापाची काडतुसं आता कोणी ठेवत नाही. दुकानात मागितली, तर मी घोडागाडीचं चाक मागितल्यासारखे बघतात (आपल्याकडे अजून घोडागाडीच हाकणाऱ्या आमिश लोकांच्या कृपेने ते तरी मिळतं). शेवटी कारागीर म्हणाला, नळी बदलून सर्रास मिळणाऱ्या मापाची करून देतो, पण मग तिच्यात डॅडचा म्हणून लाकडी दस्ता तेवढा उरेल. मी लगेच हो म्हटलं; काम हंगामानंतर, तोवर डॅडची उरलेली काडतुसं होतीच. माझा नेम चुकतो तो त्या काडतुसांमुळेच, अशी माझी खात्री होती.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा हंगाम सुरू झाला. पहिल्याच सकाळी एक मोठा नर फोटोला उभा राहावा तसा समोर आला. माझी गोळी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. नर चालत निघून गेला (पळायचीसुद्धा तसदी घेतली नाही, ते जास्त लागलं). आपल्या शिकारीच्या केबिनचा रिवाज तुला ठाऊक आहे: नेम चुकला की शर्टाचा मागचा भाग कापायचा आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचा. इर्विनकाकांनी कात्री सकाळीच काढून ठेवली होती. भिंतीचा एक कोपरा आता माझाच आहे. नव्या माणसाला वाटतं, तिथे खिडकी असून पडदे लावलेत.

मी रागाने जाहीर केलं की नळी बदलतोय. इर्विनकाकांनी तोंडातला घास संपवला, बंदूक घेतली आणि मोतीबिंदूच्या डोळ्याने लांबच्या ओंडक्यावरचा डबा उडवला.

"अरे गाढवा, हे माप तुझ्या बापाने शोधून शोधून आणलं ते व्हर्नासाठी. पोरीच्या खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. तू तेव्हा पाळण्यात होतास."

"मग तिला केबिनवर कधी का आणलं नाही?"

"बायका नकोत, असा नियम होता ना."

"कोणी केला?"

"केला तुझा बाप धरून आम्ही चौघांनी. तिघे वर गेले, उरलो मी." मग ते बराच वेळ पुसलेलीच नळी पुसत बसले.

व्हर्ना, मला फार लाज वाटली. तुझी बंदूक मी माझी म्हणून मिरवली आणि वर दोषही तिलाच दिला. कारागिराला थांबायला सांगितलं आहे. मेव्हण्यांना नमस्कार.

तुझा,
डेल

ता. क. नळी ठेवायची की बदलायची ते तू ठरव. पण फोनवर नको. इथे ये, खांद्याला लावून बघ आणि मग सांग. हंगामाचा एक आठवडा बाकी आहे.

ता. क. दुसरा: शेगडीजवळचा पलंग इर्विनकाकांनी तुझ्यासाठी रिकामा केलाय आणि स्वतः वरच्या फळीवर चढण्याचा सराव चालवलाय. नियमाबद्दल ते काही बोलत नाहीत, पण आरसा आणून लावलाय. उरलेली मूठभर काडतुसं मी लपवून ठेवली आहेत. माझ्यापासून.

ता. क. तिसरा: काका म्हणतात, जुना शर्ट घालून ये. मी म्हणतो, चांगला घाल, आणि एक माझ्या मापाचा घेऊन ये. माझ्याकडे आता शेवटचाच उरलाय.