सारवलेली वाट

४ मे १९८७
दामूने सकाळी चिरे उतरवले. आमच्या मागच्या दारापासून पाण्याच्या झरीपर्यंत वाट जाते, नेमके तिच्या तोंडावर. दामू माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. माझ्या कडेवर बसून याच वाटेने झरीवर यायचा. आता भिंत घालतो. म्हणतो, “काकी, इथे वाट कधी होती? ती तुमची सवय.”
सुनेला म्हटलं, वही काढ. मला अक्षर येत नाही, राग येतो. सुनंदा म्हणते, “मांय, सावकाश सांगा.” मी सावकाशच गो. गवंडी सावकाश नाही.

६ मे
पंचाकडे गेले. खुर्चीतून न उठता म्हणाला, “वापरातली वाट असेल तर भिंत थांबवतो. पण तशी दिसायला हवी.” पन्नास वर्षं पाणी वाहिलं, ते नाही दिसलं. ह्या पंचाच्या बारशाचं पाणीसुद्धा त्याच झरीचं.
येताना मास्तर भेटले. रविवारी म्हापशाहून कॉलेजातली मुलं येणार. गावच्या माणसांबरोबर धारगळभर पायी फिरणार, विहिरी, गल्ल्या, रोजच्या जागा, सगळ्यांचे फोटो काढणार. मग पंचायतीत लावणार. माझ्या लग्नात कोणी फोटो काढला नाही, आता विहिरीचा काढतात.
म्हटलं, मास्तर, माझी वाट घ्या त्यात. पंचाला दिसू दे.

९ मे
संध्याकाळभर वाट सारवली, मी आणि सुनंदाने. दारापासून झरीपर्यंत. पाहुणे येणार आणि भेगा दाखवायच्या? झरीच्या पायरीवर कळशी टेकून टेकून खळगा पडलाय, तोही मातीने बुजवला. सुनंदा म्हणाली, “पायरी कशाला, मांय?” कोणाचा पाय मुरगळला तर?
कंबर गेली. वाट मात्र आरशासारखी.

१० मे
पंधरा-वीस जण. कॅमेरावाली एक मुलगी, केस कापलेली. विचारते, “आजी, कोंकणीत बोलू की मराठीत?” म्हटलं, तोंडाला येईल तसं बोल गो बाय, पाव खाताना विचारतेस काय, कुठल्या भाषेत चावू? सगळे हसले.
सारवण ओलं होतं. मीच ओरडले, “पाय नका ठेवू रे, कडेने चला, गवतातून!” बिचारे एकामागून एक गवतातून गेले. मीही कळशी घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, गवतातून. मुलगी म्हणाली, “आजी, रोजच्यासारखं चाला.”
रोज मी गवतातून जाते काय?
हे आत्ता सुचतंय.

२४ मे
पंचायतीत फोटो लागले. माझा मोठा आहे. लोक म्हणाले, काय सुंदर.
दामूने फोटोवर बोट ठेवून पंचाला दाखवलं. “बघा, कालचं सारवण. हे अंगण वाढवलंय. पायरी कोरी. आणि वाट असती तर काकी स्वतः कडेने कशाला चालली असती?”
पंच हसला. आधी मीही हसले, दामूची जीभ माझ्यासारखीच आहे म्हणून. मग मागे न बघता घरी आले. सुनंदाने पायरीचं तेव्हाच विचारलं होतं.

३० मे
रेडिओ सांगतो, गोवा आजपासून राज्य. राज्याला हद्द मिळाली, आमच्या मागच्या दारालाही. चिऱ्यांचे दोन थर झाले. गुडघ्याला लागतात.
सुनंदा मला न विचारता पंचाकडे जाऊन आली. म्हणे, फोटो राहू दे, स्वतः येऊन बघा. तो सोमवारी येतो म्हणाला. येईल तेव्हा खरं.
दुपारी पायरीतली माती नखांनी उकरून काढली. खळगा आहे. कळशी बसते.
मग सवयीने हातात झाडू घेतला. सुनंदा धावत आली, “मांय, ठेवा तो!” ठेवला. वाटेवर पाचोळा पडलाय, शेण उकललंय, बघवत नाही.
म्हटलं, उठ, कळशी घे. सोमवारपर्यंत ये-जा करायची. पाणी नको असलं तरी. चिऱ्यांवरून पाय टाकून, आणि मधोमध.