गार्ड बसवले आहेत

समता कॉलनी, रायपूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. श्रावणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात, तरी रोज गरबा बघायला जाते. हैदराबादचं जेवण तुला आता मानवलं असेल. फोनवर तू आईशीच बोलतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र मध्येच कट करता येत नाही.

बातमी अशी की तुझ्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी क्रॅश गार्ड बसवले. घरीच, पोर्चमध्ये, मी एकट्याने. भनपुरीच्या मिलमध्ये चौतीस वर्षं काढलेला फोरमन चार बोल्टांसाठी मेकॅनिक बोलावेल का? त्याच ऐटीत सूचनांचा कागद वाचला नाही. हे गार्ड इंजिन धरणाऱ्या बोल्टांतच अडकवायचे असतात; दोन्हीकडचे बोल्ट एकदम सोडले आणि इंजिन जरासं खाली बसलं. नवा बोल्ट भोकात जाईना. मग चष्मा लावून कागद वाचला, जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिन उचललं आणि एकेक बाजू घेतली. टॉर्क पान्याने मापात आवळलंय. आता गाडी आडवी झाली तर आधी गार्ड घासेल. काम चोख आहे, तुलाही खोट सापडायची नाही.

हे आत्ताच काहून, असं तू विचारशील. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी तुझी गाडी सुरू करतो. मागच्या रविवारी वाटलं, फाटकापर्यंत न्यावी. साइड स्टँड पुरता लागायच्या आत उतरलो आणि गाडी डावीकडे आडवी झाली. उभी असताना. इंडिकेटर नवा लावलाय, पण वीतभर ओरखडा आहे. आई दारातच होती. म्हणाली, "पोट्टीवर वर्षभर चिडून राहिले होते. आता कोणावर चिडसान?"

तेव्हा जिन्याखालचा तुझा खोका उघडला. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. वाटायचं, गाडी आणखी पळवायचं काहीतरी असेल. आत हे गार्ड निघाले आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: "दसऱ्याआधी बाबांकडून बसवून घेणे."

मागच्या दसऱ्याला मी काय केलं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. स्कूटरला हार घातला, कारला घातला, आईच्या शिलाई मशीनला कुंकू लावलं, माझ्या पान्यांच्या पेटीवरसुद्धा फूल ठेवलं. तुझ्या गाडीपुढून ताट घेऊन तसाच गेलो. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तिले काहून नाही?" मी ताट देवघरात नेऊन ठेवलं आणि संध्याकाळी तू गाडी इथेच सोडून हैदराबादला निघून गेलीस.

त्या गाडीवर तुला काही झालं तर, याची भीती होती. भीती वाटते असं मुलीला सांगायची लाज वाटली, म्हणून राग काढला. तू गार्ड आधीच मागवले होतेस, आणि मी तुला बेफिकीर म्हणत होतो. माझं चुकलं, बेटा.

पुढच्या गुरुवारी दसरा आहे. ओरखडा मुद्दाम तसाच ठेवलाय, कोणाच्या हातून पडली ते लक्षात राहावं म्हणून. यंदा ताट घेऊन सुरुवात तुझ्या गाडीपासून करणार आहे. तू आल्याशिवाय या घरात कुठल्याच गाडीला हार पडणार नाही.

उभी गाडी पाडणारा,
तुझा बाबा