संध्याकाळपुरती अंगठी

विल्बर, नेब्रास्का
४ एप्रिल १९३७

चि. लिदास, आईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा का, ते तुला ठाऊक आहे. पोटच्या पोरीचं लग्न ठरलं हे मला कुबिचेकबाईंच्या सिनेमाच्या मासिकातून कळावं? तुझ्या पिक्चरचा नायक रॉजर तुझा हात धरून बसलाय, बोटात बोराएवढा हिरा! बाई म्हणाल्या, तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, माझ्याशिवाय पान हलत नाही. खोटं बोलायला लावलंस मला.

फादर मातेय यांनी रविवारी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं. पांढरं सॅटिन आणून मी कापलंसुद्धा. जावयांना आपले गोड पाव, कोलाचे, खसखशीचे आवडतात की आलुबुखारचे, ते कळव.

तुझी आई

हॉलिवूड
११ एप्रिल

ती. आईस, सा. न. वि. वि.

ती अंगठी माझी नाही गं. ती स्टुडिओच्या सामानखान्यातली. रॉजरबरोबर जेवायला निघताना सही करून घ्यायची, फोटोवाला गेला की परत द्यायची. पिक्चरमध्ये आम्ही नाटकात नाचणारे दोघं प्रेमात पडतो, म्हणून पडद्याबाहेरही पडलेलो दिसायला हवं. नाहीतर लोक तिकीट काढत नाहीत, असं प्रसिद्धीवाल्यांचं म्हणणं. इथे सगळ्याच जोड्या हे करतात. रॉजर बिचारा भला आहे. जेवणभर बूट चावतात म्हणून कुरकुरत असतो.

माझं मन एमिलवर आहे. आमच्या तालमीला पियानो वाजवतो. पुढचे केस गेलेत, सूट एकच आहे, आणि माझा पाय चुकला की मला कळायच्या आत त्याला कळतं. पण करारात लिहिलंय की परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. मी मागितली. स्टुडिओचे साहेब हसून म्हणाले, पिक्चर चालू दे, मग बघू. आणि पियानोवाल्याशी तर मुळीच नाही.

आई, मला भूमिकाही हवी आणि एमिलही. हे विचारत नाहीये, सांगतेय.

तुझी लाडकी आणि हट्टी,
लिदा

विल्बर
१९ एप्रिल

चि. लिदास, आशीर्वाद आहेतच, पण डोकं ठिकाणावर ठेव.

फादरनी जाहीर केलेलं आता मागे घ्यायला लावू की काय? आणि पियानोवाला! तुझे वडील लग्नांत अकॉर्डियन वाजवायचे. वाजवणाऱ्याला शेवटी जेवायला मिळतं, तेही उरलं तर. अंगणाबाहेर बशी घेऊन उभे असायचे. ते बघून मी काय गिळलंय, ते मलाच माहीत.

गुडघे फुटेस्तोवर नाचलीस ती या एका भूमिकेसाठी. मुकाट्याने अंगठी घाल. त्या एमिलमध्ये दम असेल तर थांबेल. नसेल तर इडा पीडा टळली.

रागावलेली, पण तुझीच,
आई

हॉलिवूड
१७ मे

ती. आईस, सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलंच असशील. पहिल्या खेळाला थिएटरच्या दारात निवेदकाने माईक पुढे करून लग्नाची तारीख विचारली. रॉजरने माझा दंड घट्ट धरला होता. मी म्हटलं, "लग्न काल कोर्टात झालं. नवरा दोरीपलीकडे गर्दीत उभा आहे. त्याला आत सोडा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, गंमत केली असं छापून येऊ दे, म्हणजे सगळं माफ. मी नाही म्हटलं. त्यांनी करार मोडला. पिक्चरमधून आणि जाहिरातींतून माझं नाव काढतायत. चेहरा तेवढा काढता येत नाही, प्रत्येक नाचात मीच आहे. आता आम्ही दोघं एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघतोय. जूनमध्ये आपल्याकडच्या ओमाहाला येऊ. घरी यायचं की नाही, ते तू ठरव. माफी मात्र मागणार नाही.

तुझ्या मायेची आस धरून,
लिदा

विल्बर
३० मे

चि. लिदास आणि चि. एमिलरावांस, अनेक आशीर्वाद.

सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये रेडिओपाशी जमलं होतं. तू बोललीस तशा कुबिचेकबाई 'अरेरे' म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तुझ्यावरच. पण दोरीपलीकडे उभा आहे हे ऐकलं, आणि तुझे वडील बशी घेऊन डोळ्यांसमोर आले. त्यांना आत बोलवा म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. मी बाईंना म्हटलं, 'अरेरे' काय? टाळ्या वाजवा. त्यांनी वाजवल्या नाहीत. मी एकटीने वाजवल्या.

शुक्रवारी तुझा पिक्चर आपल्या थिएटरला लागला. भिंतीवर तुझं आणि रॉजरचं मोठं चित्र. त्याचं नाव हातभर, तुझ्या खाली कोरी जागा. मी तशीच घरी गेले, कोठाराला लावायचा लाल रंग आणि ब्रश घेऊन आले, आणि शिडीवर चढून 'लिदा वाव्रा' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण रस्त्याच्या टोकावरून दिसतं. थिएटरवाला धावत आला. ओरडून विचारायला लागला, कुणाच्या परवानगीने?

मी वरूनच सांगितलं, "आईच्या."